तक्रार मागच्या खिडकीवर

सोलापूर स्टेशनच्या बाहेर तुम्ही बॅग खाली ठेवता, घाम पुसता आणि पहिल्याच रिक्षावाल्याला मवाळ आवाजात विचारता, "दादा, इथे बघण्यासारखं काय काय आहे हो?" मे महिना आहे, पारा चव्वेचाळिसाच्या आसपास. तो तुमच्याकडे बघतो, बॅगेला लटकलेल्या पाण्याच्या बाटलीकडे बघतो, मग आभाळाकडे.

"काय नाय हितं, मालक. कशाला आलाव?"

इथवर तुम्ही सोसलं असतं. पण तो मान वळवून शेजारच्या रिक्षावाल्याला सांगतो, "ए, ह्ये बघ बे. फिरायला आलंय म्हणं."

आलंय! तुम्ही पुण्याचे आहात. अपमान तुम्हाला नवा नाही, पण तुमच्याकडे तो सुवाच्य अक्षरात रंगवून दाराला लावलेला असतो. वाचणाऱ्याला निदान स्वतःच्या गतीनं वाचता येतो. हा तोंडी, फुकट आणि चारचौघांत. तरी तुम्ही रिक्षात बसता, कारण ऊन आहे. वाटेत तो न विचारता बोलत राहतो. किल्ला हाय, तळं हाय, सिद्धेश्वर हाय, ते काय समद्यानलाच ठावं हाय. भैय्या चौकात रिक्षा जरा सावकाश होते. "ह्ये कोटणीस डॉक्टरचं घर. चीनची माणसं येतेत, नमस्कार करतेत, जातेत. तुमच्यासारकं इचारत बसत नायत."

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, चिनी भाषा शिकले, आणि १९४२ साली तिथेच वारले. ज्या गावाला पाहुण्याशी वागायचं वळण नाही असं तुम्ही म्हणताय, त्या गावानं दुसऱ्याच्या देशात कसं राहावं याचा असा नमुना धाडला होता. तुम्हाला हे पटतं, पण राग जात नाही. एका खानावळीकडे बोट दाखवून तुम्ही थांबायला सांगता.

"तितं खाऊ नका. पैशे जास्त झालेत काय?" तो थांबत नाही. दुसरीकडे नेऊन सोडतो, ठरलेलेच पैसे घेतो आणि जाताना ओरडतो, "कडक भाकरी मागा. बाटलीतलं पाणी पिऊ नका, तापलंय!"

एवढ्यानं तक्रार थोडीच मिटते. जेवून झाल्यावर तुम्ही कागद काढता. 'पर्यटकांशी उद्धट वागणूकीबाबत.' (घाईत वागणुकीचा णु दीर्घ झालाय. पुण्यात असतात तर पुन्हा लिहिला असता.) कागद घेऊन तुम्ही एका कचेरीच्या खिडकीशी जाता. आतला माणूस शेंगाची चटणी आणि भाकरी खातोय. एका हातानं कागद घेतो, वाचतो, चटणीच्या बोटाचा लाल ठसा उमटवून परत देतो. पोच मिळाली, असं तुम्ही समजता.

"ह्ये आमच्या काळातलं नाय. लई जुनं प्रकरण हाय. मागच्या खिडकीवर जावा."

मागच्या खिडकीकडे जायला एक बोळ आहे. बोळातून बाहेर येता तेव्हा गिरणीचा भोंगा वाजतो.

१९७५. अंगावरून सायकलींचा लोंढा जातो. लक्ष्मी आणि विष्णू गिरण्या सुरू आहेत, पाळी सुटलीय. तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे आहात. "सरक की! हितं का उभारलास?" असं निदान सात जण म्हणतात आणि त्यातला एक तुमची बॅग उचलून कडेला ठेवून पुढे जातो. तुम्ही बॅग तपासता. सगळं जागेवर आहे.

लोंढा टाळत तुम्ही पूर्व भागात शिरता. इथे घराघरात माग आहे आणि घराघरात तेलुगू. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग उभा केला. एका उंबऱ्यात बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय. तेंदूचं ओलसर पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापते, चिमूटभर तंबाखू पसरते, पान गुंडाळते, टोक नखानं आत मुडपते, दोऱ्याचे दोन वेढे देते. हे सगळं होताना तिची नजर एकदाही सुपात नाही. ती तुमच्यावर आहे.

"काय पायजे?"

तुम्ही चादर म्हणता. ती मान आतल्या बाजूला उडवते. आत यंत्रमाग आहे, आणि तो चालू असताना बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला पहिल्यांदा कळतं. डोक्यावर जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे माळेसारखे फिरताहेत, जिथे भोक तिथे सुई आत, तिथला धागा वर; खाली धोटा इकडून तिकडे फेकला जातोय आणि दर फेकीला जमीन हादरतेय. मोराची मान अर्धी विणून झालीय. तुम्ही म्हणता, "जरा ही चादर दाखवाल का, प्लीज?" मागवाला कानाला हात लावतो. तुम्ही पुन्हा म्हणता. तो पुन्हा हात लावतो. तिसऱ्यांदा तुम्ही बोंबलता, "ती चादर दाखव!" आणि तो लगेच दाखवतो.

सोलापूरच्या बोलण्यातला अर्धा खरखरीतपणा या खडखडाटात तयार झाला असावा, असा माझा संशय आहे. उरलेला अर्धा चार भाषांच्या गर्दीत. तेलुगू घरातला माणूस कन्नड बोलणाऱ्या दुकानदाराशी मराठीत आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याशी हिंदीत व्यवहार करणार. उसन्या भाषेत माणूस आधी भाव विचारायला शिकतो, मग शिव्या. अदब शिकायला फुरसत लागते आणि पाळी तर सकाळी सातला सुरू होते.

"किती वर्षं टिकेल?" तुम्ही विचारता.

"तुमच्यापरीस जास्त."

तुम्ही कागद पुढे करता. तो माग थांबवून वाचतो. माग थांबवला म्हणजे मजुरी थांबली, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. "ह्ये बोलणं मी काढलेलं नाय. बानं शिकवलं. बा तीस साली जुन्या गिरणीत हुता. त्याला इचारा." आणि तो मागच्या दाराकडे बोट करतो.

तिथून बाहेर पडताना ऊन लागू नये म्हणून तुम्ही खुंटीवरची एक पांढरी टोपी उचलता. चार आणे ठेवता. तुम्ही सभ्य आहात.

१९३०. बाळीवेशीकडे जाणारा रस्ता, तोही मेमधला, पण या मेमध्ये रस्त्यावर कुणी नाही. चार पावलं जाता न जाता तोच अकरा-बारा वर्षांचं एक पोर कोपऱ्यातून धावत येतं, तुमच्या डोक्यावरची टोपी हिसकतं, "मराया आलाव का हितं?" असं तोंडावर ओरडतं आणि टोपी सदऱ्यात कोंबून बोळात गडप होतं. तुम्ही संतापून कागदावर दुसरं कलम लिहायला घेता: अल्पवयीन मुलाकडून चोरी व अपशब्द.

लिहिता लिहिता वर बघता. समोरच्या चौकात दोन गोरे सोजीर एका माणसाला भिंतीशी उभं करून बडवताहेत. त्याच्या डोक्यावर तुमच्यासारखीच टोपी होती. आता ती बुटाखाली आहे.

आजची तारीख १२ मेनंतरची कुठलीही असू शकते. पाच तारखेला गांधीजींना अटक झाली. आठ तारखेला इथे लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं मेली. मग पुढचे तीनेक दिवस सरकार नावाची गोष्ट शहरात दिसलीच नाही. चौकाचौकांत स्वयंसेवक उभे राहून रहदारी सांभाळत होते. बाराला लष्करी कायदा आला, तो ३० जूनपर्यंत राहणार आहे. गांधी टोपी घालणं हा त्यात गुन्हा. ६ एप्रिलला नगरपालिकेवर तिरंगा लावलेलं हे शहर, त्याला धडा शिकवायचा आहे. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली जाईल. तुमच्या पुण्यात, येरवड्याला. पुणे-सोलापूर हुतात्मा एक्स्प्रेस त्यांच्या नावानं धावते; तुम्ही तिचं आरक्षण कितीदा केलंत आणि नाव वाचलंत किती वेळा, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

एक दार किलकिलं होतं. आतून हात येतो आणि तुम्हाला दंडाला धरून आत ओढतो. म्हातारी आहे. पाण्याचा तांब्या हातात देते आणि जे बोलायला लागते ते मराठी, कन्नड आणि आणखी कशाकशात. त्यात तुमच्या अकलेचा, तुमच्या आईबापांचा आणि एकूण पुणे जिल्ह्याचा उल्लेख येतो. तुम्ही पाणी पिता. दुसरं कलम खोडता. तिला कागद दाखवण्याची हिंमत होत नाही, पण तीच म्हणते, "मागनं जावा. पुढं सोजीर हायत."

मागचं दार १८७६ मध्ये उघडतं. तुम्ही एका बैलगाडीत आहात आणि गाडी अक्कलकोटकडे चाललीय. बरोबर मुंबईचे एक गृहस्थ आहेत, जरीची टोपी, डगला. आता आगगाडीनं अक्कलकोट रोडपर्यंत येता येतं, त्यामुळे अशी माणसं वाढलीत. स्वामी समर्थ १८५६ पासून अक्कलकोटात आहेत, आणखी दोन वर्षांनी समाधी घेतील. त्यांच्या रागाच्या आणि सणसणीत बोलण्याच्या आठवणी भक्तांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्यात. संध्याकाळी गृहस्थ दर्शन घेऊन परत येतात तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला आहे.

"काय म्हणाले?"

"झोडपलं हो! असं झोडपलं!" आणि ते पेढे वाटतात.

या मुलखात बोलणी खाल्ल्याबद्दल पेढे वाटणारा वर्ग आहे, हे तुमच्या तक्रारीच्या दृष्टीनं अडचणीचं आहे. तुम्ही ते टिपून न ठेवता पुढे, म्हणजे मागे, सरकता.

१८६०. रूळ नुकतेच सोलापूरला टेकलेत. पुणे, दिक्साळ, बार्शी रोड, मोहोळ करत गाडी येते. मुंबईकराला मात्र बोरघाट अजून रुळांवरून चढता येत नाही. तो रस्ता १८६३ ला खुला होणार. म्हणजे पश्चिमेकडून थेट आगगाडीनं सोलापुरात उतरणारे पहिले पाहुणे तुमच्याकडचेच. पुणेकराविषयीचं इथलं मत त्या तीन वर्षांत पक्कं झालं असेल तर दोष कुणाला द्यावा?

१८१८ मध्ये तुम्हाला थांबावंसंच वाटत नाही. पुण्याहून आलेला सर्वांत मोठा पाहुणा, दुसरा बाजीराव, याच मुलखातून पळतोय आणि फेब्रुवारीत आष्टीला त्याचे सेनापती बापू गोखले पडलेत. मे महिन्यात इंग्रजांचा मन्रो सोलापूरच्या किल्ल्याला वेढा घालेल आणि किल्ला जाईल. एक मात्र इथे सांगायला हवं. या बाजीरावाच्या पुण्यात ज्याच्या लावण्यांवर माना डोलल्या, तो राम जोशी सोलापूरचा. तमाशाच्या नादापायी त्याच्या थोरल्या भावानं, कीर्तनकार मुद्गल जोशांनी, त्याला घराबाहेर काढलं होतं. इथे घरचा माणूसही सुटत नाही. तुम्ही तर हुतात्माने आलेले.

आता तुम्ही ठरवता की लहानसहान लोकांशी बोलण्यात अर्थ नाही. तक्रार थेट बादशहाकडे. तो पाहुणा आहे, तोही बाहेरचा, त्याला तुमचं दुःख कळेल. औरंगजेब १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं भीमेकाठी ब्रह्मपुरीला तळ देऊन राहिला होता. गावाचं नावही बदलून इस्लामपुरी केलं. सोलापूरच्या मुलखात एवढा लांबलेला मुक्काम दुसऱ्या कुठल्या पर्यटकाचा मला माहीत नाही. तुम्ही गाठता तेव्हा १७०० सालचा १ ऑक्टोबर आहे आणि छावणी माण नदीकाठी, खवासपूरला पडलीय. माण ही वर्षातले बरेच महिने वाळू. तिच्या पात्रात आणि काठानं तंबू ठोकलेत: हत्ती, उंट, बाजार, बुणगे, सगळं. स्थानिक माणसाला विचारलं असतं तर त्यानं दोन शब्दांत सांगितलं असतं, आणि ते दोन शब्द बादशहाला आवडले नसते.

रात्री डोंगराकडचं पाणी येतं. आधी आवाज, मग अंधारात माणसांचा कल्ला. तुमच्या घोट्याला पाणी लागतं तेव्हा गुडघ्यापर्यंत आलेलं असतं. शाही तंबूत बादशहाला वाटतं, मराठे घुसले. तो गडबडीनं उठतो, अडखळतो आणि उजवा गुडघा निखळतो. हकिमांना तो नीट बसवता आला नाही. पुढे हयातभर तो लंगडला, आणि दरबारी म्हणत राहिले की हा तर तैमूरलंगाचा, थोर पूर्वजाचा, वारसा. तुम्ही ओला कागद हातात धरून उभे आहात. पर्यटकाच्या गैरसोयीचं तुमचं प्रकरण इथे फारच बारीक दिसतं. पण हे कुणी केलं म्हणून नोंदवायचं? नदीनं?

१५२४ मध्ये निदान कोरडं आहे, आणि लग्न आहे. विजापूरचा इस्माईल आदिलशहा आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा सोलापुरात भेटलेत. आदिलशहाची बहीण मरियम निजामशहाला दिलीय. हुंड्यात सोलापूरचा किल्ला कबूल झालाय. तुम्ही वऱ्हाडात मिसळता, एका पंगतीत बसता आणि वाढप्याला हळूच विचारता, "जावईबापूंच्या ताब्यात किल्ला कधी देताय?" (संवाद आजच्या बोलीत देतोय, वाढपी रागावणार नाही.)

"जेवा की आधी."

"नाही, पण कधी?"

"हुग्गी वाढू काय अजून?"

तुम्ही जेवता. जावईही जेवतो. किल्ला मिळत नाही. त्या न मिळालेल्या हुंड्यावरून दोन शाह्या लढायला उभ्या राहतात आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं सोलापूर हे भांडणाचं नाव होतं. शेवटी चांदबिबी अली आदिलशहाला दिली तेव्हा हाच किल्ला निजामशाहीकडून विजापूरला हुंड्यात गेला. एकच हुंडा एकदा नाकारून आणि एकदा देऊन दोन्ही लग्नं लागली. वाढप्याला तुम्ही कागद दाखवता. त्याला वाचता येत नाही, पण चटणीचा ठसा तो ओळखतो. "ह्ये आमचंच हाय. पर सुरुवात आमची नव्हं. तळ्यावर जावा."

तळं अजून झालेलं नाही. बारावं शतक. गावाला सोन्नलगी म्हणतात. सिद्धराम, म्हणजे तुमच्या रिक्षावाल्याचा सिद्धेश्वर, आणि त्याच्याबरोबरचे लोक खोदताहेत: कुदळ, फावडी, टोपल्या, माणसांची रांग. काठावर ढिगारे. कुणी तुमच्याकडे बघत नाही, कारण बघायला वेळ नाही. तुमच्यापुढे आणखी एक पाहुणा उभा आहे. अंगावर फारसं काही नाही, डोळे स्थिर. हा अल्लमप्रभू. आता जे घडणार ते कन्नडमधल्या 'शून्यसंपादने'त सांगितलंय, आणि सोलापुरात आलेल्या पाहुण्याच्या स्वागताची याहून जुनी हकीकत मला ठाऊक नाही.

तो खोदणाऱ्यांना विचारतो की मातीकाम करणारा तुमचा तो सिद्ध कुठंय. नमस्कार नाही, जी नाही, गुरूचं नाव धड नाही. देवळं-तळी बांधत बसलेला हा कसला योगी, असा सगळा सूर. तुम्ही चरकता. याच्यापुढे तुमचा रिक्षावाला म्हणजे दरबारी माणूस.

रांग थांबते. कुदळी खाली पडतात आणि दगड वर येतात. शिष्य त्याच्यावर दगडांचा वर्षाव करतात. कथेत म्हटलंय की त्याला एकही लागला नाही, दगडांचा ढीग मात्र झाला. तुम्ही कथेत नाही, त्यामुळे तुमच्या पोटरीला एक लागतो. मग सिद्धराम स्वतः येतो, संतापलेला. दोघांत बोलणं सुरू होतं, लांबतं, आवाज उतरत जातो. शेवटी हा दगड खाल्लेला पाहुणा यजमानाला बरोबर घेऊन बसवेश्वरांच्या कल्याणला निघेल. ते निघायला अजून वेळ आहे. लोक पुन्हा कामाला लागलेत.

तुमच्याजवळचा एक जण कंबर सरळ करतो. घामानं काळवंडलेला, पन्नाशीचा. "तुमचं काय?"

तुम्ही कागद पुढे करता. तोंडी सांगता: पर्यटकांशी उद्धट वागणूक.

"आन सुरुवात कुणी केली, ते लिवलंय काय त्यात?"

ते लिहिलेलं नाही. तुम्ही पोटरी चोळता, पेन शोधता, पेन माणच्या पुरात गेलंय. तो कागद तुमच्या हातातून काढून घेतो, उन्हात धरतो, चुरगळून बघतो, त्याचा पीळ घालतो, त्या पिळाची गोल चुंबळ वळतो आणि ती तुमच्या डोक्यावर दाबून बसवतो. मग टोपली उचलून वर ठेवतो. ओली काळी माती आहे, मान आत जाते.

"बसली बराबर. चला, तिकडं टाकायची, त्या बांधावर. आन पळत या, मागं लोक उभारलेत."